घरगुती जल-मृदूकरण यंत्र: वापर, देखभाल आणि मृदू पाण्याची योग्य जागा

कूपनलिकेच्या पाण्यामुळे गिझरच्या नळीवर चुन्याचा थर चढतो, शॉवरची छिद्रे बुजतात, साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरे डाग राहतात. या तक्रारींवर उपाय म्हणून घरगुती जल-मृदूकरण यंत्र, म्हणजे बोलीभाषेतील ‘वॉटर सॉफ्टनर’, महानगरांतील सदनिकांप्रमाणे आता बागायतदारांच्या घरांतही दिसू लागले आहे. यंत्र बसले की काही दिवसांतच दुसरा प्रश्न उपस्थित होतो. हे ‘चांगले’ पाणी परसबागेला, रोपवाटिकेला, फवारणीच्या पंपात वापरावे काय? फवारणीच्या निमित्ताने हा प्रश्न कीटकशास्त्रज्ञाकडे येतो, आणि त्याचे उत्तर यंत्राच्या कार्यपद्धतीतच दडलेले असल्याने प्रथम यंत्र समजून घेणे आवश्यक ठरते.

या लेखातील चर्चेसाठी चेन्नईचे उदाहरण घेतले आहे. एकाच शहरात इतक्या प्रकारचे पाणी एकाच घराच्या टाकीत येण्याचे उदाहरण दुसरीकडे क्वचितच आढळते. बेझंट नगर, तिरुवान्मियूर या किनारी भागांत वाळूचा थर आहे. वेलाचेरी, पेरुंगुडी परिसरात कठीण खडक आहे. उत्तरेकडील मिंजूर पट्ट्यात अतिउपशामुळे समुद्राचे पाणी भूजलात शिरल्याचे अनेक दशकांपासून नोंदले गेले आहे. त्यात महानगर पाणीपुरवठा मंडळाचे नळाचे पाणी आणि टँकरचे पाणी यांची भर पडते. मिंजूर (२०१०) व नेम्मेली (२०१३) येथील समुद्रजल निःक्षारीकरण प्रकल्प प्रत्येकी दररोज १० कोटी लिटर क्षमतेने उभारले गेले. तेथील पाणी मुळातच मृदू असते. २०१९ च्या उन्हाळ्यात पूंडी, चोलावरम, पुळल व चेंबरम्बाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ आटले आणि १२ जुलै रोजी जोलारपेट्टैहून २५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी विल्लिवाक्कमला पोहोचली. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी आपल्या वाचकांना आठवत असेल. अशा काळात घरोघरी कूपनलिका व टँकर यांवरचा भार वाढतो आणि मृदूकरण यंत्राची खरी परीक्षा होते.

यंत्र नेमके काय करते?

पाण्याचा कठीणपणा, ज्याला आपण शाळेत दुष्फेनता म्हणून शिकलो, मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या विद्राव्य क्षारांमुळे येतो. तो प्रयोगशाळेच्या अहवालात ‘कॅल्शियम कार्बोनेटच्या स्वरूपात मिलिग्रॅम प्रति लिटर’ असा दिलेला असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) २०० मिलिग्रॅमपर्यंतचा कठीणपणा स्वीकारार्ह आणि अन्य स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंतचा अनुज्ञेय आहे.

यंत्राच्या उभ्या टाकीत रेझिनचे, म्हणजे कृत्रिम राळेचे, बारीक मणी असतात. त्यांच्यावर सोडियमचे आयन धरून ठेवलेले असतात. कठीण पाणी मण्यांच्या थरातून जाताना कॅल्शियम व मॅग्नेशियम मण्यांवर अडकतात आणि त्यांच्या बदल्यात तितक्याच विद्युतभाराचे सोडियम पाण्यात सुटते. मण्यांवरील सोडियम संपले की त्यांतून मिठाचे संपृक्त द्रावण सोडतात. सोडियमच्या या लोंढ्यापुढे कॅल्शियम-मॅग्नेशियम मण्यांवरून सुटून सांडपाण्यात वाहून जातात आणि मणी पुन्हा कामाला तयार होतात. याला पुनरुज्जीवन म्हणतात.

म्हणजेच हे यंत्र पाण्यातील क्षार काढत नाही, त्यांची अदलाबदल करते. कठीणपणाच्या दर १०० मिलिग्रॅममागे पाण्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढते. ५०० मिलिग्रॅम कठीणपणाचे पाणी पूर्ण मृदू केल्यास त्यात मूळच्या सोडियमशिवाय आणखी २३० मिलिग्रॅम सोडियम येते. सोडियमची चव जाणवू लागण्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सुमारे २०० मिलिग्रॅम मानली आहे. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना मीठ कमी करण्याचा सल्ला असेल, तर स्वयंपाकाच्या व पिण्याच्या पाण्याची जोडणी यंत्राच्या आधीच घेतलेली बरी.

याच कारणाने विद्राव्य क्षार मोजणारे टीडीएस मीटर येथे निरुपयोगी ठरते. ‘यंत्र बसवूनही टीडीएस कमी झाला नाही’ ही विक्रेत्यांकडे येणारी नेहमीची तक्रार आहे. तो कमी होणारच नाही. उलट २० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या जागी २३ मिलिग्रॅम सोडियम येत असल्याने किंचित वाढेल. मिंजूरसारख्या भागातील समुद्रमिश्रित पाणी किंवा आपल्याकडील अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातील पाणी या यंत्राने गोड होणार नाही. तेथे अडचण कठीणपणाची कमी आणि सोडियम व क्लोराइडची अधिक आहे.

कठीणपणा मोजण्यासाठी थेंब मोजून रंगबदल पाहण्याचा ईडीटीएवर आधारित छोटा संच मिळतो. तो प्रत्येक यंत्रधारकाकडे असावा. तो नसेल तर पारदर्शक बाटलीत अर्धे पाणी घेऊन त्यात द्रवरूप साबणाचे काही थेंब टाकून जोरात हलवावे. मृदू पाण्यावर दाट फेस टिकतो व खालचे पाणी स्वच्छ दिसते; कठीण पाणी दुधाळ होऊन त्यावर साय धरते. यासाठी खरा साबण हवा. आजकालच्या बहुतेक धुलाई द्रवांत अपमार्जके असल्याने ती कठीण पाण्यातही फेस देतात आणि चाचणी फसते.

हिशेब केल्याशिवाय यंत्र लावू नये

घरगुती यंत्रात २५ लिटर रेझिन आहे असे समजू. दर लिटर रेझिनला पुनरुज्जीवनासाठी सुमारे १२० ग्रॅम मीठ दिल्यास ते व्यवहारात सुमारे ५० ग्रॅम कठीणपणा धरते. म्हणजे २५ लिटर रेझिनची एका फेरीची क्षमता १,२५० ग्रॅम. पाण्याचा कठीणपणा ५०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम प्रति लिटर असेल तर एका फेरीत २,५०० लिटर पाणी मृदू होईल. थोडी राखीव क्षमता ठेवून २,००० लिटरनंतर पुनरुज्जीवन करावे. त्याला प्रत्येक वेळी ३ किलो मीठ लागेल.

शहरी पाणीपुरवठ्याचे प्रतिमाणशी १३५ लिटरचे प्रमाण धरल्यास चार जणांच्या कुटुंबाला दिवसाला ५४० लिटर पाणी लागते. ते सगळे मृदू करायचे ठरवले तर महिन्याला आठ फेऱ्या आणि २४ किलो मीठ. परंतु शौचकुपाच्या टाकीला मृदू पाणी कशाला हवे? फरशी पुसायला, अंगण धुवायलाही नको. केवळ स्नानगृह, गिझर व धुलाई यंत्र यांची जोडणी मृदू पाण्यावर ठेवली तर गरज सुमारे ३०० लिटरवर येते, महिन्याला साडेचार फेऱ्या होतात आणि मीठ साडेतेरा किलो लागते. तरीही वर्षाचा आकडा दीड क्विंटलच्या वर जातो. हे मीठ कोठेतरी जाणारच आहे, त्याचा विचार पुढे केला आहे.

शिवाय पाणी शून्य कठीणपणापर्यंत नेण्याची गरज नसते. बहुतेक यंत्रांच्या झडपेत कच्चे पाणी थोड्या प्रमाणात मिसळण्याची सोय असते. मिश्रणानंतर कठीणपणा ५० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवल्यास फेस उत्तम येतो, साबण अंगावरून निघत नसल्यासारखा बुळबुळीतपणा वाटत नाही आणि मीठही वाचते. ही सोय विक्रेते सहसा दाखवीत नाहीत.

पुनरुज्जीवनाचे टप्पे आणि होणाऱ्या चुका

पहिला टप्पा बॅकवॉशचा, म्हणजे रेझिन उलट्या दिशेने धुण्याचा. सुमारे १० मिनिटे पाणी खालून वर जाते, मण्यांचा थर फुगतो, त्यात अडकलेली माती व गाळ निघून जातो. हा टप्पा घाईने उरकल्यास थरात पाण्याच्या वाटा पडतात. पुढे मिठाचे द्रावण त्याच वाटांनी निघून जाते आणि अर्धे मणी कोरडेच राहिल्यासारखे होतात. दुसऱ्या टप्प्यात मिठाचे द्रावण सावकाश ओढले जाते व त्यामागून संथ धुणे होते. दोन्ही मिळून पाऊण ते एक तास लागतो. येथे संथपणाच महत्त्वाचा आहे, कारण आयनांची अदलाबदल संपर्काच्या वेळेवर अवलंबून असते. शेवटी ५ ते १० मिनिटे जलद धुणे व मिठाच्या टाकीत पुन्हा पाणी भरणे. धुणे संपल्यावर नळाचे पाणी जिभेवर खारट लागत असेल तर शेवटचे धुणे अपुरे झाले आहे किंवा द्रावण ओढणाऱ्या नोझलमध्ये कचरा अडकला आहे.

हाताने फिरवायच्या झडपेचे यंत्र स्वस्त असते, पण त्याला शिस्तीचा माणूस लागतो. स्वयंचलित यंत्रांत दोन प्रकार आहेत: ठरावीक दिवसांनी पुनरुज्जीवन करणारे आणि वापरलेले लिटर मोजून करणारे. चेन्नईसारख्या ठिकाणी पहिला प्रकार घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुटुंब दहा दिवस गावी गेले तरी ते यंत्र मीठ व पाणी ओतत राहते, आणि पाहुणे आल्यावर मात्र कठीण पाणी सोडते.

लिटर मोजणाऱ्या यंत्रालाही कच्च्या पाण्याचा कठीणपणा आपणच सांगावा लागतो. येथेच चेन्नईचा अनुभव उपयोगी पडतो. भूमिगत टाकीत पावसाळ्यानंतर नळाचे पाणी येते आणि उन्हाळ्यात त्याच टाकीत कूपनलिकेचे वा टँकरचे पाणी येते. ५०० मिलिग्रॅमवर लावलेले यंत्र १५० मिलिग्रॅमचे पाणी आले तरी तितकेच मीठ खर्च करील. ३०० वर लावलेल्या यंत्रात ८०० चे पाणी आले तर फेरी संपण्याच्या कितीतरी आधीच कठीण पाणी पुढे जाईल. म्हणून कच्च्या पाण्याची चाचणी वर्षातून किमान तीनदा, आणि स्रोत बदलला की लगेच करावी. आपल्याकडे विहिरीची पातळी मार्च ते मे दरम्यान खाली जाते तेव्हा क्षार वाढतात. तेव्हाची चाचणी चुकवू नये.

मिठाविषयी थोडे सविस्तर. बारीक दळलेले खाण्याचे मीठ वापरू नये. त्याचा टाकीच्या तळाशी चिखल होतो, आणि ते मोकळे राहावे म्हणून घातलेली द्रव्येही यंत्राला नको असतात. धुतलेले जाड खडे किंवा गोळीच्या स्वरूपातील मीठ चालते. तमिळनाडूत तूत्तुकुडीचे मीठ सहज मिळते. त्यातही माती व जिप्समचे कण असलेले कळकट मीठ टाळावे. दमट किनारी हवेत मिठाचा वरचा थर एकजीव होऊन कडक कवच बनते, त्याखाली पोकळी राहते आणि पाणी मिठाला लागतच नाही. बाहेरून टाकी भरलेली दिसते, पुनरुज्जीवनही होते, पण ते केवळ पाण्याने! महिन्यातून एकदा लाकडी दांड्याने मीठ हलवून पाहावे आणि टाकी तोंडापर्यंत न भरता अर्धी ते दोन तृतीयांश ठेवावी.

सोडियम नको म्हणून पोटॅशियम क्लोराइड वापरण्याची कल्पना शेतकऱ्यांना आकर्षक वाटते, कारण म्युरेट ऑफ पोटॅश त्यांच्या गोदामात असते. तत्त्वतः यंत्र पोटॅशियमवरही चालते. तथापि खताच्या प्रतीच्या लाल म्युरेटमध्ये लोह व अविद्राव्य अंश असतात आणि ते रेझिन खराब करतात. शुद्ध प्रतीचे पोटॅशियम क्लोराइड महाग पडते व मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या दृष्टीने त्याचा वेगळा धोका आहे.

लोहयुक्त पाणी हे रेझिनचे मोठे शत्रुत्व. उपसल्यानंतर काही वेळाने बादलीत तांबूस गाळ बसत असेल तर यंत्राच्या आधी लोह काढणारा गाळणी-संच हवा. मणी तांबडे पडू लागले तर सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने धुता येतात, परंतु ही मलमपट्टी आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरिनही कालांतराने मणी ठिसूळ करते. यंत्र आठवड्याहून अधिक काळ बंद राहिल्यास थरात जिवाणू वाढतात. परतल्यावर आधी पुनरुज्जीवन करून मगच पाणी वापरावे.

नळीभोवती गुंडाळायची चुंबकीय किंवा विजेवर चालणारी उपकरणेही याच नावाने विकली जातात. त्यांच्या आधीच्या व नंतरच्या पाण्याची ईडीटीए चाचणी करून पाहावी. कठीणपणाचा आकडा तोच येतो, कारण कॅल्शियम बाहेर काढण्याची कोणतीही यंत्रणा त्यांत नसते.

परसबाग व रोपवाटिका: येथे मृदू पाणी नको

आता शेतीच्या प्रश्नाकडे येऊ. समजा कूपनलिकेच्या पाण्यात दर लिटरला कॅल्शियम ६, मॅग्नेशियम ४ व सोडियम ४ मिलिइक्विव्हॅलंट आहे, आणि बायकार्बोनेट ८ आहे. याचा कठीणपणा ५०० मिलिग्रॅम होतो. त्याचे सोडियम अधिशोषण गुणोत्तर सुमारे १.८ येते आणि अवशिष्ट सोडियम कार्बोनेट शून्याच्याही खाली राहते. सिंचनासाठी हे पाणी मध्यम क्षारतेचे, पण सोडियमच्या दृष्टीने सुरक्षित आहे. आता हेच पाणी यंत्रातून काढून कठीणपणा २५ मिलिग्रॅमवर आणला की कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून अर्धा मिलिइक्विव्हॅलंट उरते आणि सोडियम साडेतेरा होते. गुणोत्तर २७ वर जाते. २६ च्या वरचे पाणी अमेरिकी क्षार-भूमी प्रयोगशाळेच्या प्रचलित वर्गीकरणात सोडियमच्या सर्वांत घातक गटात मोडते. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट साडेसात होते. पाणी परीक्षण अहवालात २.५ च्या वरचे पाणी सिंचनास अयोग्य असा शेरा येतो, हे विस्तार कार्यकर्त्यांना ठाऊकच आहे.

विद्युत वाहकता मात्र जवळजवळ तीच राहते. केवळ वाहकता पाहून ‘पाणी बदललेले नाही’ असा निष्कर्ष काढणारा येथे फसतो.

अशा पाण्याने काळ्या, चिकण मातीच्या जमिनीत मातीचे कण विखुरतात, पृष्ठभाग ओला असताना चिखल व वाळल्यावर दगड होतो, निचरा बंद पडतो. खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यांनी ही चोपण जमीन निसर्गाकडून मिळालेली पाहिली आहे. मृदूकरण यंत्र ती परसबागेत विकत आणते. चेन्नईच्या गच्चीवरील कुंड्यांत वा आपल्या रोपवाटिकेतील कोकोपीटच्या ट्रेमध्ये जमिनीसारखा निचऱ्याचा प्रश्न नसला तरी पानांच्या कडा करपणे, कॅल्शियमच्या अभावी टोमॅटोच्या फळाचे टोक काळे पडणे ही लक्षणे दिसू शकतात. ती अनेकदा बुरशी किंवा रसशोषक किडींची समजली जातात आणि त्यावर औषध फवारले जाते. म्हणून अशी तक्रार आली की पहिला प्रश्न विचारावा: पाणी कोणत्या नळाचे?

मृदू पाण्यात जिप्सम टाकून ते बागेला देण्याचा सल्लाही ऐकू येतो. आधी मीठ खर्चून कॅल्शियम काढायचे आणि मग जिप्सम विकत घेऊन तेच परत घालायचे, याला काय म्हणावे! बागेचा नळ यंत्राच्या आधी जोडला की प्रश्न मिटतो.

या बाबतीत चेन्नईच्या जुन्या घरांची रीत अनुकरणीय आहे. तेथे कूपनलिकेच्या पाण्याला ‘उप्पु तण्णी’ म्हणजे खारे पाणी व पिण्याच्या पाण्याला ‘नल्ल तण्णी’ म्हणजे चांगले पाणी म्हणतात, आणि दोन्हींचे नळ व भांडी वेगळी असतात. मृदू पाणी ही त्यातली तिसरी जात आहे. तिची नळवाहिनीही वेगळी व ठळक रंगाने ओळखता येईल अशी असावी. बांधकाम सुरू असतानाच हे करून घेतले तर खर्च नगण्य असतो. नंतर भिंती फोडाव्या लागतात.

फवारणीचे पाणी

कठीण पाण्याने कीटकनाशके ‘मरतात’ असा सरसकट समज आहे. तो अर्धाच खरा आहे. द्रवरूप कीटकनाशकांचे पायस किती काळ टिकते याची चाचणी मुळातच ‘मानक कठीण पाण्यात’ घेतली जाते आणि त्या पाण्याचा कठीणपणा ३४२ मिलिग्रॅम असतो. म्हणजे चांगल्या उत्पादनाकडून साधारण त्या पातळीपर्यंतचा कठीणपणा सहन करण्याची अपेक्षाच असते. त्याहून कठीण पाण्यात बरणीत थोडे मिश्रण करून अर्धा तास ठेवावे. वर साय किंवा तळाशी दह्यासारख्या गुठळ्या आल्या तर ते पाणी नको.

अनेक कीटकनाशकांचा, विशेषतः ऑर्गेनोफॉस्फेट गटातील मॅलेथिऑन, डायमेथोएट यांसारख्यांचा, मोठा शत्रू अल्कधर्मी पाणी हा आहे. सामू ८ च्या पुढे गेला की त्यांचे जलविघटन वेगाने होते. आणि मृदूकरण यंत्र सामू वा बायकार्बोनेट कमी करीत नाही. वरच्या उदाहरणातील ८ मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट मृदूकरणानंतर जवळजवळ सर्व सोडियम बायकार्बोनेट होते. म्हणजे दर लिटरला सुमारे ०.६७ ग्रॅम खाण्याचा सोडा. सोडा घातलेल्या पाण्यात कीटकनाशक कालवावे असे कोणीही सुचवणार नाही. म्हणून फवारणीच्या पाण्यावर मृदूकरणापेक्षा सामू नियंत्रण हा योग्य उपाय आहे. थोड्या पाण्यावर सायट्रिक आम्लाची मात्रा सामू पट्टीने ठरवून सामू ६ ते ६.५ च्या दरम्यान आणावा, मग औषध मिसळावे आणि मिश्रण रात्रभर न ठेवता लगेच फवारावे. ताम्रयुक्त बुरशीनाशकांसाठी मात्र पाणी आम्लधर्मी करू नये. विद्राव्य तांबे वाढून पिकाला इजा होते. लेबलवरील सूचना नेहमी प्रमाण मानावी.

तणनाशकांची गोष्ट निराळी. ग्लायफोसेट तसेच २,४-डी चे अमाइन क्षार यांना कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवतात आणि परिणाम घटतो. तेथे अमोनियम सल्फेट आधी पाण्यात विरघळवण्याची पद्धत प्रचलित व स्वस्त आहे.

कीड नियंत्रणात खरोखर मृदू पाण्याची गरज भासते ती साबणाच्या द्रावणाला. पिठ्या ढेकूण, मावा यांवर साबणाचे पाणी किंवा साबणात कालवलेले निंबोळी तेल वापरताना कठीण पाण्यात साबण साक्याच्या रूपाने बाहेर पडतो, तेल वर तरंगते, नोझल बुजते आणि काही पानांवर तेलाचा डाग पडून ती करपतात. ‘निंबोळी तेलाने गुण आला नाही’ या तक्रारीमागे कित्येकदा हे पाणी असते. येथेही यंत्राच्या पाण्याआधी पावसाच्या पाण्याचा विचार करावा. तमिळनाडूने २००३ मध्ये सर्व इमारतींना पर्जन्यजल संधारण बंधनकारक केले. चेन्नईत वर्षाला सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छतावरून २० टक्के तूट धरूनही एक लाखाहून अधिक लिटर पाणी मिळू शकते. ७०० मिलिमीटर पावसाच्या आपल्या गावातही त्याच्या निम्मे. त्यातले ५०० लिटर झाकलेल्या टाकीत राखून ठेवले तरी परसबागेच्या साबण-फवारण्यांना ते वर्षभर पुरावे.

टाक्या वाढतात, डासही वाढतात

मृदूकरण यंत्राबरोबर घरात कच्च्या पाण्याची, मृदू पाण्याची आणि पिण्याच्या पाण्याची अशा तीन टाक्या होतात. शहरी हिवतापाचा वाहक असलेला ॲनोफेलिस स्टिफेन्साय हा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात, विशेषतः गच्चीवरील टाक्या व विहिरी यांत, अंडी घालतो आणि चेन्नई हे त्याचे बहुचर्चित क्षेत्र आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्तायलाही झाकण सैल असलेली टाकी पुरते. उष्ण हवामानात अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात; म्हणून प्रत्येक टाकीचे झाकण घट्ट, हवेच्या नळीला बारीक जाळी आणि आठवड्यातून एकदा पाहणी आवश्यक आहे. मिठाच्या टाकीतील संपृक्त द्रावणात अळ्या जगत नाहीत, परंतु मीठ संपूनही महिनाभर तशीच पडून राहिलेली, उघडी टाकी गोड्या पाण्याचे डबकेच असते. यंत्राच्या निचरा नळीखाली साचणारे पाणी क्युलेक्स डासांना आवडते.

सांडलेले मीठ कोठे जाते?

एका पुनरुज्जीवनात दीडशे ते दोनशे लिटर खारे सांडपाणी निघते. त्यात न वापरले गेलेले मीठ तर असतेच, शिवाय मण्यांवरून सुटलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम क्लोराइडही असते. चेन्नईतील सदनिकेत ते भुयारी गटारात जाते. गावातील घरात गटार नसते. नळी सहसा घरामागच्या केळीच्या आळ्यात किंवा शोषखड्ड्यात सोडलेली असते, आणि तो शोषखड्डा त्याच कूपनलिकेपासून फार तर ५०-६० फुटांवर असतो. दीड क्विंटल मीठ दरवर्षी एकाच जागी मुरले की आधी ती जागा नापीक होते आणि नंतर कूपनलिकेचे पाणी बिघडते. घरगुती प्रमाण लहान वाटते हे खरे. परंतु मिठाने पाणी बिघडल्यावर ते परत आणणे किती अवघड असते याचे उदाहरण तमिळनाडूतच आहे. तिरुप्पूरच्या रंगाई उद्योगाच्या क्षारयुक्त सांडपाण्याने नोय्यल नदी व सिंचनासाठी बांधलेले ओरत्तुपाळयम धरण शेतीस निरुपयोगी झाले, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने प्रदूषण न रोखणाऱ्या रंगाई कारखान्यांना बंदचा आदेश दिला.

ज्या घराला भुयारी गटार नाही तेथे यंत्र घेण्यापूर्वी निचऱ्याची जागा ठरवावी. घराजवळची झाडे, विहीर, कूपनलिका व जनावरांचे पाणी यांपासून दूर, प्लास्टिक अस्तर केलेल्या उथळ हौदात हे पाणी सोडून उन्हाळ्यात वाळू द्यावे आणि पावसाळ्यात हौद झाकावा. साठलेला क्षार खरवडून पोत्यात भरावा. तो शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये. एवढी जागा व तयारी नसेल तर संपूर्ण घराचे यंत्र न घेता केवळ धुलाई यंत्राला व गिझरला पुरेल असे ५ ते ८ लिटर रेझिनचे लहान यंत्र घ्यावे. गिझरची नळी वर्षातून एकदा सायट्रिक आम्लात बुडवून स्वच्छ करण्याचा जुना मार्गही आहेच, आणि ३०० मिलिग्रॅमपर्यंतच्या पाण्याला माझ्या मते तोच पुरेसा आहे.